फुटबॉलची मेरिट लिस्ट

"आता यांना सांगणार कोण!"

हे शरयू कढईला म्हणाली. कढईत मोहरी तडतडत होती, त्यामुळे ते बाहेरच्या खोलीपर्यंत गेलं नाही. ऐकलं फक्त शेजारी उभं राहून कोथिंबीर निवडणाऱ्या अबोलीने.

"तू सांग ना, आई."

"मी? अगं, लग्नाला वीस वर्षं होत आली. आंघोळ करताना ते जे म्हणतात त्याला गाणं म्हणत नाहीत, एवढं साधं मला अजून सांगता आलं नाही. आणि हे सांगू?"

"दॅट्स डिफरंट!"

"काही डिफरंट नाही. दोन्ही वेळी माणूस खूष असतो. खूष माणसाला काय सांगणार?"

खूष माणूस, म्हणजे त्र्यंबक वझलवार, मुक्काम पोस्ट ॲन आर्बर, मूळ गाव नागपूर, जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसला होता. तिथून आरोळी आली.

"शरयू! लिहून ठेव! या वर्षी ऑफिसात आपला पहिला नंबर! गॅरीसकट सगळे तोंडात बोट घालतील, बाप्पा!"

आता हा नंबर कशातला, ते सांगायला हवं. ॲन आर्बर हे तसं शहाणं गाव. मिशिगन युनिव्हर्सिटीचं. बसमध्ये शेजारी बसलेला माणूस एखाद्या विषयातला जगातला शेवटचा शब्द असू शकतो. पण हे शहाणपण रविवार ते शुक्रवार. शरद ऋतूतल्या शनिवारी गावात फुटबॉलची, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायच्या तिकडच्या फुटबॉलची मॅच असली की लाखभर माणसं पिवळं-निळं नेसून स्टेडियमकडे निघतात. एरवी गवतावर पान पडलं तरी हळहळणारे शेजारी आपल्या लॉनवर अनोळखी लोकांच्या गाड्या लावून घेतात. आणि सोमवारी ऑफिसात काम सुरू होतं ते दुपारनंतर, कारण सकाळ मॅचच्या पोस्टमॉर्टेममध्ये जाते.

त्र्यंबकला 'ट्राय' म्हणणारा त्याचा बॉस गॅरी दर ऑगस्टमध्ये एक स्पर्धा घ्यायचा. सीझन सुरू व्हायच्या आधी प्रत्येकाने अंदाज द्यायचा: जानेवारीत सगळा हंगाम संपल्यावर देशातल्या कॉलेज टीम्सची जी क्रमवारी लागेल, तिच्यात पहिल्या दहा कोण आणि कोणत्या क्रमाने. जो जिंकेल त्याच्या टेबलावर वर्षभर एक पोचे पडलेलं सोनेरी हेल्मेट. आणि जो शेवटी येईल त्याने एक अख्खा दिवस ओहायोचा लाल शर्ट घालून ऑफिसात बसायचं!

ओहायो म्हणजे खालचं शेजारी राज्य. ॲन आर्बरचं आणि त्यांचं नातं म्हणजे निव्वळ भाऊबंदकी. बांधावरून सुरू झालेली आणि आता बांध कुठे होता ते कुणालाच आठवत नाही, पण एकमेकांच्या घरचं पाणी प्यायचं नाही, तशी. त्या गावात तो शर्ट घालणं म्हणजे वऱ्हाडात जाऊन ठेच्याला गोड म्हणण्यासारखं होतं.

त्र्यंबक चार वर्षं या स्पर्धेपासून लांब राहिला होता. सोमवारी सगळे गॅरीच्या टेबलाभोवती गोळा व्हायचे आणि हा खिडकीपाशी बसून भेंडीचा डबा खायचा. मागच्या वर्षी एकदा धीर करून त्याने कुणाला तरी "गुड गेम!" म्हणून पाहिलं. त्या शनिवारी टीम हरली होती. नंतर त्याने पुन्हा कधी प्रयत्न केला नाही. हे त्याने घरी येऊन हसत हसत सांगितलं होतं, पण शरयूला ते हसणं आवडलं नव्हतं. म्हणून या वर्षी तो स्पर्धेत उतरतोय म्हटल्यावर तिला बरंच वाटलं. मग तिने त्याच्या खांद्यावरून स्क्रीनवर पाहिलं आणि ती थेट फोडणी घालायला गेली!

पहिला नंबर, एमआयटी. दुसरा, स्टॅनफर्ड. तिसरा, बर्कली. मग इलिनॉय, जॉर्जिया टेक, कॅलटेक. मिशिगन आठवं.

"अहो," शरयू मघाशी म्हणाली होती, "पण हा फुटबॉल आहे ना?"

"फुटबॉलच आहे! मग? खेळणार कोण? कॉलेजातलीच पोरं ना? ज्या कॉलेजात हुशार पोरं, तिथली टीम हुशार. साधं लॉजिक आहे!"

त्र्यंबकच्या लॉजिकला इतिहास होता. दहावीला तो नागपूर बोर्डात मेरिटमध्ये आला होता. आई पेढा भरवतेय आणि हा कॅमेऱ्याकडे बघून राहिलाय, असा फोटो पेपरात छापून आला होता, आणि त्या कात्रणाला लॅमिनेशन करून ते अमेरिकेत आणलं होतं. तेव्हापासून त्याची श्रद्धा एकच. जो मेरिटमध्ये, तो सगळ्यात पुढे. त्यात यंदा अबोली बारावीला. इंजिनिअरिंग कॉलेजांच्या क्रमवाऱ्या त्याला अडीचकीच्या पाढ्यासारख्या पाठ होत्या. गॅरीने अंदाज मागितला आणि याने पाढा म्हणून टाकला!

"आई," अबोली कोथिंबिरीच्या काड्यांवर राग काढत कुजबुजली, "कॅलटेकला फुटबॉलची टीमच नाहीये!"

"नाहीये? म्हणजे हरते खूप, असं?"

"म्हणजे नाहीये! देअर इज नो टीम!"

शरयूने गॅस बारीक केला. खरं तर तिला त्र्यंबकला दोन गोष्टी सांगायच्या होत्या, आणि ही त्यातली सोपी होती.

अवघड गोष्ट अबोलीची होती. उन्हाळ्यात शरयूच्या मावसबहिणीच्या नातवाचं बारसं होतं, ओहायोतल्या कोलंबसला. त्र्यंबकचं ऑफिस होतं, म्हणून मायलेकीच गेल्या. बारशाच्या दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्यांना तिथल्या युनिव्हर्सिटीच्या बँडचा सराव पाहायला नेलं. अबोली शाळेच्या बँडमध्ये सूझाफोन वाजवायची. सूझाफोन म्हणजे अजगराने माणसाला विळखा घालावा आणि माणसाने त्याच्या शेपटीत फुंकावं, तसला पितळी कर्णा. त्र्यंबकचं त्यावरचं मत ठरलेलं: "वाजव, वाजव. अर्जात लिहायला बरं!" त्या दिवशी मैदानात शेकडो पोरं चालता चालता वाजवत होती, वाजवता वाजवता अक्षरं काढत होती, आणि शेवटी एक सूझाफोनवाला ऐटीत पावलं टाकत गेला आणि अख्ख्या इंग्रजी 'ओहायो'तल्या आय अक्षरावरचं टिंब झाला. शरयूने लेकीकडे पाहिलं. पोरगी रडत होती!

"आई, मला ते टिंब व्हायचंय."

इंजिनिअरिंग करीन, पण इथे करीन, असं ती म्हणाली. शरयूने तिला तिथल्याच दुकानातून एक लाल शर्ट घेऊन दिला, आणि घरी आल्यावर तो आपल्या डाळिंबी नारायणपेठच्या घडीत दडवून ठेवला. लाल लालात मिसळून गेलं. पुढे अर्जही गेला. फक्त ज्याला सांगायचं त्याला सांगणं राहिलं. योग्य वेळ बघून सांगू, असं दोघींचं ठरलं होतं. या घरात योग्य वेळ ही फार दुर्मीळ वस्तू आहे.

दुसऱ्या दिवशी त्र्यंबक ऑफिसातून आला तो तरंगतच.

"शरयू, काय सांगू! गॅरीला अंदाज दाखवला. त्याने एकेक नाव वाचलं. एमआयटी म्हटल्यावर खुर्चीत बसला. कॅलटेक म्हटल्यावर टेबलावर डोकं टेकलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, शरयू! सगळ्यांना बोलावून दाखवला. म्हणे, ट्राय, हे मी बोर्डावर लावणार! माणूस अभ्यासाची कदर करून राहिला, बाप्पा!"

शरयूने अबोलीकडे पाहिलं. अबोलीने छताकडे पाहिलं.

"चहा टाकू?" शरयू म्हणाली.

सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी सीझन सुरू झाला. मिशिगन देशात पाचवं. ऑफिसात बहुतेकांनी त्यांना पहिलं नाही तर दुसरं घातलेलं. पहिली मॅच ॲपलेशियन स्टेटशी. हे नाव गावात बऱ्याच जणांनी प्रथमच ऐकलं. ती खालच्या विभागातली टीम, म्हणजे अंग मोकळं करायला बोलावलेली. आणि त्यांनी ॲन आर्बरला ॲन आर्बरमध्ये येऊन हरवलं! संध्याकाळी शेजारचे म्हातारेबुवा लॉनवर उभे होते ते रात्र झाली तरी आत जाईनात. पेपरात नवी क्रमवारी आली, तर मिशिगनचा त्यात पत्ताच नाही!

सोमवारची लेबर डेची सुट्टी संपून ऑफिस उघडलं आणि गॅरी थेट त्र्यंबकच्या टेबलाशी आला.

"ट्राय. तू त्यांना आठवं घातलं होतंस. आम्ही सगळ्यांनी पहिलं. तुला माहीत होतं!"

त्र्यंबक नम्रपणे म्हणाला, "आय ओन्ली फॉलो मेरिट."

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडते, हे आपण ऐकलेलं असतं. पण त्या वर्षी कावळा एकच होता आणि जंगलभर फांद्या मोडत होत्या! ऑक्टोबरात एका शनिवारी स्टॅनफर्डने, ज्यांना शाळेच्या पोरांनीही हरवलं असतं असं सगळे म्हणत होते, त्या स्टॅनफर्डने बलाढ्य यूएससीला त्यांच्याच मैदानावर लोळवलं. आणि त्याच शनिवारनंतर लागलेल्या क्रमवारीत बर्कली देशात दुसरं! सोमवारी सकाळी गॅरीने बोर्डावरचा तो कागद पुन्हा वाचला. या वेळी तो हसला नाही. त्याने शांतपणे स्वतःची कॉफी त्र्यंबकपुढे ठेवली.

"ट्राय," तो म्हणाला, "कॅलटेकचं काय चाललंय? मला त्यांचा स्कोअर कुठे सापडत नाही."

"वेट फॉर जानेवारी," त्र्यंबक म्हणाला.

त्या दिवसापासून खिडकीपाशी एकटा डबा खायची सोयच राहिली नाही. आता गर्दी त्र्यंबकच्या टेबलाशी! कुणी विचारी, शनिवारी कोण? कुणी विचारी, माझ्या भावाची टीम कितवी येईल? एकीने तर हात पुढे केला! हा इंडियन आहे, यांच्याकडे ग्रहांचं गणित असतं, असं कुणीतरी पसरवलं. त्र्यंबक ग्रह मानत नसे, पण गणित म्हटल्यावर त्याने नाही म्हटलं नाही. शरयू आता डब्यात भेंडी जास्त द्यायला लागली, कारण ती चार जण चाखून बघत.

घरी मात्र वेगळंच चाललं होतं. फांदी मोडली की तिचा तडाखा अबोलीला!

"बघ, अबोली, बघ! स्टॅनफर्ड! तिथे इंजिनिअर आहेत, डॉक्टर आहेत, आणि वर यूएससीला धूळ चारली! नंबर बोलतो, बेटा! नंबर कधी खोटं बोलत नाही!"

"आय नो, बाबा."

"मग स्टॅनफर्डचा निबंध झाला का लिहून?"

"चालू आहे."

अबोली खोलीत गेली की आतून सूझाफोनचा आवाज यायचा. तो वाजवताना ती काय वाजवते हे त्र्यंबकला कळत नव्हतं, हे त्या घराचं नशीब. ती ओहायोच्या बँडची धून असायची! शरयू पोळ्या लाटता लाटता पाय आपटून ताल द्यायची, आणि मग घाबरून थांबायची. फुटबॉल तिला तेवढाच कळायचा. दोन्ही टीम दमून बाहेर गेल्या की खरा कार्यक्रम सुरू होतो, असं तिचं पक्कं मत होतं.

"आई, आता सांगू?" अबोली रोज विचारायची.

"आज नको गं. आज बर्कली जिंकलंय."

पुढच्याच शनिवारी बर्कली हरलं. "आता सांगू?"

"आज नको गं. आज ते हरलंय."

नोव्हेंबर उजाडला, दिवाळी आली, आणि श्रीराम आला. श्रीराम म्हणजे महाराष्ट्र मंडळाचा अध्यक्ष. मुंबईचा, आवाज मोठा, आणि मंडळाच्या कार्यक्रमाची तारीख ठरवणं हे त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं दुःख. या वर्षी हॉल मिळत होता तो दिवाळीनंतरच्या शनिवारी, आणि त्याच दुपारी गावात मिशिगन-ओहायो मॅच!

"यार त्र्यंबक," श्रीराम सोफ्यावर बसत म्हणाला, "तू सांग. हरलो तर त्या संध्याकाळी कुणी येणार नाही. जिंकलो तर हॉल पुरायचा नाही. आता सगळं गाव म्हणतंय तुला दिसतं म्हणून. बोल, काय होणार?"

शरयूने चिवड्याची बशी इतक्या जोरात ठेवली की शेंगदाणे उडाले. त्र्यंबकचं लक्ष नव्हतं. आदल्याच शनिवारी इलिनॉयने, त्याच्या यादीतल्या चौथ्या नंबरने, देशात पहिल्या असलेल्या ओहायोला हरवलं होतं! त्या दिवशी हा घरभर लाडू वाटत फिरला होता आणि अबोली डोकं दुखतंय म्हणून पांघरूण घेऊन पडली होती.

"ओहायोचा इंजिनिअरिंगचा नंबर आपल्या किती खाली आहे, माहीत आहे?" त्र्यंबक म्हणाला. "आपण जिंकलो म्हणून समज. कर बुक!"

"अहो, पण पाऊस बिऊस..." शरयू म्हणाली.

"मेरिटला पाऊस लागत नाही, शरयू!"

श्रीरामने 'दिवाळी संध्या' खोडून 'विजय संध्या' असं केलं. हॉलच्या दारात पिवळ्या-निळ्या रंगांची रांगोळी. श्रीरामची बायको सुमेधा हौशी. तिने करंज्यांच्या पिठात निळा रंग घातला! तळल्यावर त्या करंज्यांचं जे काही झालं, त्याला मराठीत रंगाचं नाव नाही.

मॅचला पाऊस आला. ओहायो जिंकलं. मिशिगनला सबंध दुपारभरात तीन गुण मिळाले. नागपूर बोर्डात ग्रेस मार्क मिळतात त्याहून कमी!

संध्याकाळी लोक आले, कारण फोन करून कळवलं होतं आणि जेवण होतं. पण ओल्या स्वेटरात, एकेका शब्दाने बोलत. दिवा लागला. शाळेतल्या मुलींनी नाच केला. लहान पोरांनी तेवढ्या करंज्या खाल्ल्या आणि मग सगळ्यांच्या जिभा निळ्या. मोठी माणसं त्र्यंबककडे बघत होती. ग्रहणात लग्नाचा मुहूर्त काढून दिलेल्या भटजीकडे वधूपिता बघतो, तशी!

"काय यार," श्रीराम त्याच्याजवळून जाताना एवढंच म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

शरयूने हॉलभर नजर फिरवली. त्या सगळ्या सुतकात एकच पोरगी होती, कोपऱ्यात खुर्चीवर बसून गुडघ्यावर बोटांनी ठेका धरणारी. शरयूने जाऊन तिच्या तोंडात एक निळी करंजी कोंबली. निदान चेहरा तरी योग्य दिसावा!

मग सगळं भराभर उतरणीला लागलं. बर्कली हरत गेलं, हरतच गेलं. स्टॅनफर्डचा तो एक शनिवार सोडला तर बाकीचे शनिवार आठवू नयेत असे. तो सीझनच असा विस्कटलेला होता की शेवटी जी टीम देशात पहिली आली, ती स्वतः दोनदा हरलेली होती. जानेवारीत अंतिम क्रमवारी लागली. त्र्यंबकच्या दहापैकी तिच्यात होते, एकही नाही! गॅरीचे दोन बरोबर आले. रिसेप्शनवरच्या मुलीने टीम्सची नावं डोळे मिटून उचलली होती, तिचे तीन आले. हेल्मेट तिच्या टेबलावर गेलं, आणि लाल शर्टाचा मान आमच्या मेरिटवाल्याला. सोमवार ठरला. शर्ट ज्याचा त्याने आणायचा, असा गॅरीचा नियम. नाही आणला, तर शिक्षा एका दिवसाची आठवडाभर.

रविवारी दुपारी शरयू संक्रांतीचे तीळ भाजत होती आणि अबोली गूळ चिरत होती. त्र्यंबक बर्फाने माखलेले बूट तसेच घालून स्वयंपाकघराच्या दारात आला.

"मिळाला?" शरयूने विचारलं.

"कुठला! गावातली सगळी दुकानं पालथी घातली. एका दुकानात नाव काढलं, तर माणसाने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी देवळात जाऊन ऑम्लेट मागितलं! श्रीरामला फोन केला. तो म्हणे, यार त्र्यंबक, माझ्या घरात ती वस्तू असती तर मी अध्यक्ष झालो असतो का?"

तो खुर्चीत बसला. पाच महिन्यांपूर्वी याच टेबलाशी बसून त्याने आरोळी ठोकली होती. आता त्याने एक तीळ उचलला, दातांखाली फोडला, आणि बुटांखालचं पाणी फरशीवर पसरताना बघत राहिला.

शरयूने गॅस बंद केला. हात पुसले. आत गेली, कपाट उघडलं, आणि डाळिंबी नारायणपेठ तशीच्या तशी उचलून आणली. टेबलावर ठेवून तिने घडी उलगडली. आतून शर्ट निघाला. लालभडक. छातीवर ओहायो.

अबोलीच्या हातातली सुरी गुळात रुतून राहिली.

"घालून बघा," शरयू म्हणाली.

त्र्यंबकने तो अंगात घातला. मापात बसला! अगदी शिंप्याने शिवल्यासारखा. का नाही बसणार? शरयूने घेतानाच वाढत्या अंगाचा म्हणून तीन मापं मोठा घेतला होता. इकडचे कपडे धुतल्यावर आटतात, त्याचं एक वेगळं!

त्र्यंबकने मायक्रोवेव्हच्या काचेत स्वतःला पाहिलं. मग शरयूला पाहिलं. मग साडीला.

"हा तुझ्या साडीत काय करून राहिला होता?"

शरयूने दुसरंच उत्तर दिलं. पाच महिने कढईला दिलेलं.

"अहो, तुम्हाला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही! ती यादी फुटबॉलची नव्हतीच! कॅलटेकला तर टीमसुद्धा नाही!"

झालं!

"माहीत आहे," त्र्यंबक म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"टीम नाही ते. गॅरीने स्कोअर विचारला ना, तेव्हा घरी येऊन शोधलं. टीम नाही. मग बाकीचं पण वाचलं. मग कळलं की तो पहिल्या दिवशी का रडला."

"ऑक्टोबरपासून? मग बोलला का नाहीत!"

"कुणाला सांगू?" त्र्यंबक शर्टाची बाही ओढत म्हणाला. "सगळे इतके खूष होते. मग इलिनॉय जिंकलं, तर मलाच वाटून राहिलं, मेरिटमध्ये काहीतरी असेल. आणि... डब्याला चार माणसं येऊन बसत होती शेजारी. भेंडी कशी करतात, विचारत होती. म्हटलं, जाऊ दे. जानेवारीपर्यंत तर जेवू."

शरयूने पदर नसलेल्या स्वेटरचं टोक डोळ्यांना लावलं. तीळ भाजले की धूर होतोच.

"उद्याही बसतील," ती म्हणाली. "उद्या तर सगळं ऑफिस बसेल. भेंडी जास्त देते."

"ते बघू. पण हा शर्ट कुणाचा?"

शरयूने अबोलीकडे पाहिलं. या वेळी अबोलीने छताकडे पाहिलं नाही. तिने गुळातून सुरी उपटली आणि खाली ठेवली.

"माझा आहे, बाबा. मला ओहायोला जायचंय. इंजिनिअरिंग तिथेच करीन, पण मला त्यांच्या बँडमध्ये वाजवायचंय. उद्या त्याच्यावर भेंडीचे डाग पाडू नका, प्लीज. मला तो ऑगस्टमध्ये लागणारे."

त्र्यंबकने छातीवरच्या त्या चार इंग्रजी अक्षरांकडे मान वाकवून पाहिलं. आणि मग मेरिटमध्ये आलेला माणूस जे विचारणार तेच त्याने विचारलं.

"नंबर कितवा आहे त्यांचा?"

"तुमच्या यादीत ते नव्हतेच, बाबा."

"नव्हते?" त्र्यंबकने गुळाचा एक खडा उचलून तोंडात टाकला. "मग चांगले असणार!"